अंबाझरी रस्त्यापासून केंद्रशाळेपर्यंत

नागपुरातली अंध मुलांच्या शिक्षणाची सोय आता शंभरीला टेकली आहे. ब्लाइंड रिलीफ असोसिएशन 1928 सालची, म्हणजे नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होते तेव्हाची. दक्षिण अंबाझरी मार्गावर तिची शाळा, शंकरनगरात मूकबधिर विद्यालय; तेव्हा ज्यांना मतिमंद म्हणत त्या मुलांसाठी कमलाताई होस्पेटांच्या मातृ सेवा संघाने 'नंदनवन' उभे केले. मूल नरखेडचे असो की भिवापूरचे, शिकायचे तर घर सोडून शहरात यायचे. आज हे कठोर वाटते. पण ब्रेल शिकवणारा माणूस तिथेच होता, हे विसरून त्या शाळांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

खरी गोची कारभारात होती. साध्या शाळा शिक्षण खात्याकडे, विशेष शाळा समाजकल्याणकडे. जिल्हा परिषद एकच, अधिकारी दोन. मूल एकाच्या यादीत गेले की दुसरा मोकळा. अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत घेण्याची केंद्राची 1974 ची योजनाही आधी समाजकल्याणकडेच होती. शिक्षण खात्याकडे ती 1982 मध्ये आली. डिसेंबर 2022 पासून राज्यात दिव्यांग कल्याण हा तिसरा स्वतंत्र विभाग आहे.

अपंग व्यक्तींसाठीचा 1995 चा कायदा आणि त्यामागून आलेले सर्व शिक्षा अभियान यांनी चित्र पालटले, हे मान्य करायला हवे. तपासणी शिबिरे झाली, श्रवणयंत्रे आणि तीनचाकी सायकली वाटल्या गेल्या, शाळांना रॅम्प आले. (रॅम्पचा फोटो चांगला येतो, म्हणून तो आधी झाला असावा.) गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक नेमले गेले, तेही कंत्राटावर. तालुकाभर फिरायचे, पालकांना प्रमाणपत्राचे कागद समजावायचे, आणि उरलेल्या वेळात मुलाला शिकवायचे.

अध्ययन अक्षमता 1995 च्या कायद्याच्या यादीत नव्हती. महाराष्ट्राने दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती त्या दशकातच सुरू केल्या, पण तपासणीपर्यंत पोचायला जाणते पालक लागत. बाकीची मुले वर्गात 'ढ'च राहिली.

विदर्भाच्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत हा आजार घराघरांना ठाऊक. तो झालेल्या मुलाला दिसते, ऐकू येते, चालता येते. फक्त अधूनमधून हाडे-सांधे असे दुखतात की आठवडा-आठवडा शाळा बुडते. हजेरीपटावर ते नुसते गैरहजर. अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 करणाऱ्या 2016 च्या कायद्यात सिकलसेल आला, तेव्हा त्या लेखाला 58 वर्षे झाली होती. परीक्षेत जादा वेळ मिळू लागला, तो हवाच. पण या मुलाला त्याआधी हवे असते ते वर्गात हाताशी पाणी, तासाच्या मध्येच लघवीला जाण्याची मुभा, उन्हात कवायतीतून सूट आणि बुडालेला धडा पुन्हा समजावणारे कोणी. पहिल्या तीन गोष्टींना पैसा लागत नाही, मुख्याध्यापकांना माहीत असणे पुरते. चौथीला माणूस लागतो.

आणि माणसापाशीच गाडी अडते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्र सरकारला प्रमाण ठरवायला सांगितले आणि सरकारने ते 2022 मध्ये जाहीर केले: प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे 15 मागे एक. महाराष्ट्राने 2024 मध्ये शाळांच्या केंद्रागणिक एक याप्रमाणे 4,860 पदांना मंजुरी दिली आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्यांना त्यांवर सामावून घ्यायचे ठरवले. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला सगळ्याच राज्यांना पदे जाहीर करण्यासाठी पुन्हा मुदत घालून द्यावी लागली.

एका केंद्रात साधारण दहा-पंधरा शाळा येतात. केंद्राच्या विशेष शिक्षकाने रोज एक शाळा केली आणि एकही दिवस बैठकीत गेला नाही, तरी पहिल्या शाळेतल्या मुलाकडे परतायला त्याला दोन-अडीच आठवडे लागतील.