टग बोट म्हणजे काय? वादळात तिच्यावर किती भिस्त ठेवायची?

मे २०२१. तौक्ते चक्रीवादळात भरकटलेला ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ हा बार्ज तुळिंज ज्या पालघर जिल्ह्यात येतं, तिथल्याच किनाऱ्याजवळ रुतला. अशा जहाजाला ओढून नेते ती टग. आकाराने छोटी, इंजिन मात्र दणकट. तिची ताकद वेगात नाही, तर ती किती टनांची ओढ लावते यावर मोजतात.

भर समुद्रातल्या कामासाठी नौदलाकडे ‘आयएनएस गज’सारख्या टग आहेत. काही देश टगवर तोफा बसवून गस्तही घालतात. १९८२च्या फॉकलंड युद्धातली अर्जेंटिनाची ‘अल्फेरेझ सोब्राल’ ही मुळात अमेरिकी नौदलाची टग होती.

पण टगलाही मर्यादा आहेत. ‘गॅल कन्स्ट्रक्टर’वरच्या १३७ जणांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. त्याच वादळात ‘वरप्रदा’ ही टग स्वतःच बुडाली. तिच्यावरच्या १३ पैकी दोघेच वाचले. म्हणूनच इशारा मिळताच बंदर गाठणं, हाच खरा बचाव.