अँटेना माळ्यावर, टीव्ही कुठेही

अमेरिकेत न्यू जर्सी किंवा शिकागोच्या उपनगरातल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर आजही टीव्हीचा अँटेना असतो. त्यातून निघालेली जाड केबल पूर्वी थेट दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या पाठीमागे जायची. आता काही घरांत ती टीव्हीपर्यंत पोचतच नाही. इंटरनेटच्या राउटरशेजारी ठेवलेल्या तळहाताएवढ्या डब्यात ती शिरते आणि तिथेच संपते. डब्याच्या मागून नेटवर्कची साधी तार निघून राउटरला जाते, आणि मग घरातला कुठलाही कॉम्प्युटर, फोन किंवा टॅब्लेट टीव्ही होऊ शकतो.

या जातीच्या यंत्रांत सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे एचडीहोमरन. कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉनडस्ट नावाच्या छोट्या कंपनीनं २००६-०७च्या सुमारास दोन ट्यूनरचा पहिला डबा बाजारात आणला. त्याआधी कॉम्प्युटरवर टीव्ही पाहायचा तर ट्यूनर कार्ड लागे. आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जी कार्डं मिळत, त्याच जातीचं. कॅबिनेट उघडायचं, कार्ड बसवायचं, ड्रायव्हर शोधायचा, आणि अँटेनाची केबल त्या एका मशीनपर्यंत ओढत न्यायची. विंडोजची आवृत्ती बदलली की ड्रायव्हरचा शोध पुन्हा सुरू. एवढं करून टीव्ही दिसायचा तो त्या एकाच कॉम्प्युटरवर. सिलिकॉनडस्टनं ट्यूनर कॉम्प्युटरच्या पोटातून बाहेर काढला आणि नेटवर्कवर ठेवला. कल्पना इतकी सरळ आहे की तिचं मोठेपण चटकन लक्षात येत नाही.

मूळच्या डब्यात हार्ड डिस्क नाही, पडदा नाही, रिमोट नाही. चित्र कसं दाखवायचं हे त्याला माहीतच नाही. अमेरिकेतलं डिजिटल प्रसारण एटीएससी या मानकानुसार चालतं. प्रत्येक स्टेशनला ६ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळतो आणि त्या पट्ट्यातून सेकंदाला १९.३९ मेगाबिट माहिती वाहते. एकाच प्रवाहात मुख्य एचडी वाहिनी आणि तिच्या जोडीला तीन-चार उपवाहिन्या कोंबलेल्या असतात. माहितीचे तुकडे १८८ बाइटचे. डबा मागितलेला पट्टा पकडतो, रेडिओलहरींतून हे तुकडे सोडवतो, हव्या त्या वाहिनीचे तेवढे निवडतो आणि नेटवर्कवर सोडून देतो. चित्र न उलगडता, न दाबता, स्टेशननं पाठवलं तसंच्या तसं. चार ट्यूनरच्या डब्यात चारही एका वेळी पूर्ण चालले तरी प्रवाह सेकंदाला ७८ मेगाबिटच्या आत राहतो, म्हणजे १०० मेगाबिटच्या जुन्या तारेतूनही तो सुखानं जातो.

आपल्याकडच्या कालव्यावर पाटकरी असतो ना, त्याचं काम हा डबा करतो. पाणी त्याचं नाही, शेतही त्याचं नाही. कुणाची पाळी आहे ते पाहून दार उघडायचं आणि पाळी संपली की बंद करायचं. स्वयंपाकघरातल्या टॅब्लेटवर बातम्या लागल्या की एक ट्यूनर गुंततो, तळघरातल्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू झालं की दुसरा. चारही गुंतले की पाचव्याला थांबावं लागतं.

कॉम्प्युटरच्या बाजूनं व्यवहार तितकाच उघडा आहे. प्रोग्रॅम घरच्या नेटवर्कवर ट्यूनरच्या नावानं हाक देतो, डबा ओ देतो आणि वाहिन्यांची यादी पुढे करतो. यादीतल्या प्रत्येक वाहिनीला वेबपानासारखा पत्ता असतो. तो व्हीएलसी या व्हिडिओ-प्लेअरमध्ये टाका, चित्र सुरू. डब्याशी बोलण्याची संगणक-लायब्ररीही कंपनीनं मुक्त परवान्याखाली दिली. म्हणूनच मिथटीव्ही, कोडी, प्लेक्स, जेलीफिन अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रोग्रॅम्सना हा डबा चालतो.

मिथटीव्ही तर या डब्याहूनही जुना. २००२ साली आयझॅक रिचर्ड्स यांनी तो लिनक्ससाठी सुरू केला, आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरचा रेकॉर्डर करण्याचं वेड अनेकांना तिथूनच लागलं. रेकॉर्डरला कार्यक्रमांचं वेळापत्रक लागतं. ते फुकट पुरवणारी झॅपटूइट लॅब्जची सेवा सप्टेंबर २००७मध्ये बंद झाली, तेव्हा या प्रोग्रॅम्सवर काम करणाऱ्यांनी शेड्यूल्स डायरेक्ट ही ना-नफा संस्था उभी केली. वर्षाची माफक वर्गणी घेऊन ती आजही वेळापत्रक पुरवते. जाहिराती ओळखणारा कॉमस्किप हाही असाच एक नि:शुल्क प्रोग्रॅम. दोन दृश्यांमधली काळी चौकट, कोपऱ्यातला वाहिनीचा लोगो गायब होणं, अशा खुणांवरून तो जाहिरातींच्या जागा टिपतो. मायक्रोसॉफ्टचं मीडिया सेंटर हा सर्वांत देखणा पर्याय होता, पण विंडोज १० आलं तेव्हा कंपनीनं तो काढून टाकला. डबे मात्र चालू राहिले, कारण ते कुठल्याच प्रोग्रॅमचे मिंधे नव्हते. वापरणाऱ्यांनी प्रोग्रॅम बदलला, अँटेना आणि डबा तेच ठेवले.

यात कष्ट नाहीत असं नाही. सर्वांत जास्त वेळ खातो तो अँटेना. जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी पडला की मुंग्या यायच्या, पण माणसं ओळखू यायची. डिजिटलमध्ये मधली अवस्था जवळजवळ नाही. चित्र एकतर स्वच्छ येतं, नाहीतर चौकोनांत फुटून थिजतं. डबा तीन आकडे दाखवतो: सिग्नलची ताकद, सिग्नलचा दर्जा आणि सिम्बॉलचा दर्जा. नवखा माणूस ताकद पाहतो आणि अँप्लिफायर विकत आणतो. पाहायचा असतो तिसरा आकडा. तो १०० टक्के असेल तर माहिती बिनचूक पोचते आहे, त्याखाली घसरला तर चित्र तुटणार. अँप्लिफायर लहरींबरोबर खरखरही वाढवतो, आणि टॉवर जवळ असेल तर ट्यूनरलाच बधिर करून टाकतो. पुष्कळदा अँटेना दोन फूट सरकवल्यानं जे साधतं ते पैसे खर्चून साधत नाही.

वाहिनीचे क्रमांकही फसवतात. न्यूयॉर्कचं सीबीएसचं स्टेशन पडद्यावर २.१ म्हणून दिसतं, पण त्याच्या लहरी प्रत्यक्षात ३६ क्रमांकाच्या पट्ट्यातून येतात. जुना क्रमांक केवळ प्रेक्षकांच्या सवयीसाठी राखलेला. अँटेना निवडताना खरा पट्टा बघावा लागतो. पुढचा अडथळा चित्राच्या आकाराचा. प्रवाह एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीत असल्यानं भरलेल्या पट्ट्याचं तासाभराचं रेकॉर्डिंग पावणेनऊ गिगाबाइटपर्यंत जातं, आणि कमकुवत वायफायवर ते अडखळतं. रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या पिढ्यांना तर एमपीईजी-२चा परवाना वेगळा विकत घ्यावा लागे. जिथे जमेल तिथे तार ओढावी, हा जुन्या वापरकर्त्यांचा सल्ला अजूनही खरा आहे.

महाराष्ट्रात हा डबा का दिसत नाही, याचं उत्तर धोरणात आहे. भारतात खासगी वाहिन्यांना जमिनीवरच्या टॉवरवरून प्रसारणाची परवानगी कधी मिळालीच नाही. ते दूरदर्शनचं राज्य राहिलं. वरळीच्या टॉवरकडे किंवा सिंहगडाकडे तोंड करून अँटेना बसवायचे दिवस गेले, केबल आणि डीटीएच आले, आणि त्यांच्याबरोबर सांकेतिक कुलूप लावलेले सेटटॉप बॉक्स. अमेरिकेत मोठमोठ्या नेटवर्कची स्थानिक स्टेशनं आजही हवेतून फुकट येतात. तिथल्या मराठी घरात मालिका इंटरनेटवरून येत असतील, पण चक्रीवादळाचा इशारा, निवडणुकीचा निकाल आणि रविवारचं फुटबॉल अँटेनाच देतो. इंटरनेट बंद पडलं तरी राउटरला वीज असेपर्यंत घरातल्या घरात हे चित्र फिरत राहतं, आणि वादळाच्या रात्री ही गोष्ट फार मोलाची ठरते.

हवेतून आलेलं चित्र घरात उतरवून नंतर पाहण्याचा हक्क तिथल्या नागरिकांना भांडून मिळाला आहे. १७ जानेवारी १९८४ रोजी सोनीच्या बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की घरी नंतर पाहण्यासाठी केलेलं रेकॉर्डिंग हा वाजवी वापर आहे. २००३मध्ये एफसीसी या दूरसंचार नियामकानं नियम काढला की प्रसारणातली ‘नक्कल करू नका’ ही खूण प्रत्येक ट्यूनरनं पाळलीच पाहिजे. तो अमलात येण्याआधीच, मे २००५मध्ये, अपील न्यायालयानं रद्द केला. तसं झालं नसतं तर तसंच्या तसं चित्र पुढे करणारा हा डबा जन्मलाच नसता, असं मला वाटतं. सीमा कुठे आहे हेही पुढे स्पष्ट झालं. भोपाळमध्ये जन्मलेल्या चेत कनोजिया यांच्या एरिओ कंपनीनं प्रत्येक ग्राहकाला नाण्याएवढा स्वतंत्र अँटेना देऊ केला. मात्र तो ग्राहकाच्या घरी नव्हता, कंपनीच्या जागेत होता. जून २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी ते बेकायदा ठरवलं. अँटेना स्वतःच्या माळ्यावर असणं, हा फरक एवढा मोठा आहे.

आता या हक्काला दुसऱ्या दारानं धक्का बसतो आहे. एटीएससी ३.० हे नवं मानक स्वेच्छेनं वापरण्याची परवानगी एफसीसीनं २०१७मध्ये दिली. तंत्र म्हणून ते खरोखर सरस आहे: सिग्नल अधिक चिवट, चित्र ४केपर्यंत. सिलिकॉनडस्टनं त्यासाठी फ्लेक्स ४के हा चार ट्यूनरचा डबा काढला, त्यातले दोन ट्यूनर नव्या मानकाचे. लोकांनी उत्साहानं तो घेतला. मग अनेक शहरांतल्या स्टेशनांनी नव्या प्रसारणाला कुलूप लावायला सुरुवात केली. किल्ली फक्त प्रसारकांनी त्यासाठी उभारलेल्या संस्थेनं मान्य केलेल्या यंत्रांना. लहरी अँटेनापर्यंत येतात, डबा त्या पकडतो, नेटवर्कवर सोडतोही, पण पुढे व्हीएलसी किंवा मिथटीव्हीला त्यातून चित्र काढता येत नाही. हजारो प्रेक्षकांनी एफसीसीकडे याविरुद्ध तक्रारी नोंदवल्या.

प्रसारकांचं म्हणणं असं की चांगल्या दर्जाची चोरटी नक्कल रोखायला हवी. कार्यक्रम त्यांचे आहेत, ते जपण्याची काळजीही रास्त आहे. पण ज्या पट्ट्यातून ते येतात तो जनतेचा, आणि स्टेशनला परवाना मिळतो तो लोकहिताच्या अटीवर. जुन्या प्रसारणाला कुलूप नसतानाही ही स्टेशनं इतकी वर्षं चालत आली आहेत. एनएबी या प्रसारकांच्या संघटनेनं फेब्रुवारी २०२५मध्ये अर्ज केला की जुनं मानक मोठ्या ५५ बाजारपेठांत २०२८ साली आणि इतरत्र २०३० साली बंद व्हावं. जुनं बंद करण्याची परवानगी द्यायचीच असेल, तर फुकट प्रसारणावर कुलूप नको ही अट एफसीसीनं त्याच आदेशात घालावी. नाहीतर फ्लेक्स ४केचे जे दोन ट्यूनर नव्या मानकासाठी म्हणून घेतले, तेही कुलूपबंद स्टेशनांपुढे निरुपयोगी ठरतील.