कागदावर उतरलेले चित्रपट : अमेरिकेंतील एका दफ्तराची हकीकत

अमेरिकेच्या विधिमंडळाचें, म्हणजे तिकडील काँग्रेसचें, जें ग्रंथालय वॉशिंग्टन शहरीं आहे त्यांत इ. स. १८९४ ते १९१२ ह्या काळांतील तीन हजारांहून अधिक चित्रपट कागदावर जपून ठेविलेले आहेत. चित्रपट कागदावर कसा असेल, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. चित्रपटाची फीत पारदर्शक असावी लागते. तिच्यांतून प्रकाश पलीकडे गेल्यावांचून पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. कागदावरील चित्रपट दाखवितां येत नाहीं, आणि तो दाखविण्यासाठीं केलेलाही नव्हता. ती एका सरकारी कचेरींत दाखल करण्यापुरती केलेली नक्कल होती. अस्सल फितींपैकीं पुष्कळशा जळाल्या, कुजल्या, कांहीं फेंकून दिल्या गेल्या. दफ्तरांत पडलेली नक्कल मात्र राहिली, आणि पुढें एका महत्त्वाच्या पाठभेदांत फितीवरील प्रतीपेक्षां तीच अधिक विश्वसनीय ठरली. जुन्या पोथ्या व कागद जमविणारांस ही हकीकत परकी वाटणार नाहीं, म्हणून ती येथें देत आहों.

ह्या नकला कशा निर्माण झाल्या तें प्रथम पाहूं. अमेरिकेंतील स्वामित्वहक्काच्या कायद्यांत १८६५ सालापासून छायाचित्रांचा समावेश होता. चलच्चित्रांसाठीं मात्र वेगळें सदर नव्हतें. तेव्हां एडिसनच्या कारखान्यानें व मागाहून इतर कंपन्यांनीं अशी युक्ति योजिली कीं, फितीवरील चित्रांची मालिका छायाचित्राच्या कागदाच्या लांबच लांब पट्टीवर छापावी, तिची गुंडाळी करावी, आणि ‘छायाचित्र’ म्हणून ती कचेरींत नोंदवावी. १८९४ च्या जानेवारींत डब्ल्यू. के. एल. डिक्सन ह्यांनीं एडिसनच्या कारखान्यांतील फ्रेड ऑट नांवाचा कारागीर शिंकत असतांनाचीं कांहीं सेकंदांचीं चित्रें कागदावर छापून दाखल केलीं. नोंदणी झालेल्या चलच्चित्रांपैकीं आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें तें हेंच. शिंकेनें आरंभ झालेलें कार्य पुढें इतकें भरभराटीस यावें, ही गोष्ट शकुनशास्त्र्यांनीं विचारांत घेण्यासारखी आहे! असो. १९१२ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन चित्रपटास स्वतंत्र सदर मिळालें व कागदी नकला देण्याचें कारण उरलें नाहीं. मधल्या अठरा वर्षांत कोणी संपूर्ण चित्रपट कागदावर छापून दिला, कोणी प्रत्येक दृश्यांतील थोडीं चित्रें देऊन काम भागविलें. म्हणून ह्या संग्रहांत पूर्ण पोथ्याही आहेत आणि नुसतीं सुटीं पानेंही आहेत.

दाखल करणारांच्या मनांत इतिहास नव्हता. शेजारच्या कंपनीनें आपल्या फितीची चोरून नक्कल करूं नये, एवढाच त्यांचा हेतु. पेशवे दफ्तरांतील जमाखर्चाचे ताव लिहिणाऱ्या कारकुनांचा हेतुही ह्याहून उदात्त नव्हता, आणि त्यामुळेंच त्या तावांची साक्ष बखरींपेक्षां आपण अधिक मानतों. १९१२ नंतर ह्या गुंडाळ्या ग्रंथालयांत तशाच पडून राहिल्या. १९४० च्या सुमारास ग्रंथालयांतील हॉवर्ड लामार वॉल्स ह्यांनीं त्यांचें महत्त्व ओळखून त्यांची मोजदाद आरंभिली. परंतु नुसती यादी करून भागणारें नव्हतें. कागद आकसलेला, ठिसूळ झालेला, कोठें चिरलेला. कडेच्या छिद्रांचें माप एकसारखें नाहीं. एकेक चित्र सरळ बसवून त्याचें पुन्हां छायाचित्र घ्यावयाचें, आणि अशीं हजारों चित्रें जोडून फीत तयार करावयाची, असें तें काम होतें. केम्प नायव्हर ह्यांनीं ह्यासाठीं स्वतंत्र यंत्र व पद्धति सिद्ध केली, आणि १९५० नंतरच्या दशकांत त्यांच्या देखरेखीखालीं हा संग्रह १६ मिलिमीटरच्या फितींवर उतरला. १९५५ सालीं अमेरिकेंतील चित्रपट अकादमीनें त्यांस ह्या कामगिरीबद्दल सन्मानाचें पारितोषिक दिलें. त्यांची सूची १९६७ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें ग्रंथालयानें तेंच काम अधिक चांगल्या रीतीनें ३५ मिलिमीटरवर पुन्हां हातीं घेतलें.

आतां मुख्य उदाहरणाकडे वळूं. एडिसन कंपनीसाठीं एडविन एस. पोर्टर ह्यांनीं १९०३ च्या आरंभीं ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’ ह्या नांवाचा चित्रपट काढला. आगीच्या बंबावरील शिपाई जळत्या घरांतून एका स्त्रीस व तिच्या मुलास सोडवितो, एवढीच त्यांतील कथा. ह्याची एक प्रत न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयांत होती. तिच्यांत शेवटचा प्रसंग असा दिसे : खोलींत धूर, स्त्री खिडकीशीं येते, लगेच बाहेरून शिडी लागलेली दिसते, पुन्हां आंत शिपाई शिरतो, पुन्हां बाहेर तो तिला घेऊन उतरतो, मग मुलासाठीं परत तोच क्रम. आंतलें व बाहेरचें दृश्य असें आळीपाळीनें गुंफण्याची कला हें चित्रपटाचें खरें व्याकरण होय, आणि तें पोर्टर ह्यांनीं १९०३ सालींच सिद्ध केलें, असें ह्या प्रतीवरून व एडिसन कंपनीच्या छापील सूचीवरून कित्येक ग्रंथकारांनीं प्रतिपादिलें. पुढील ग्रंथांत तें मत एकावरून दुसऱ्यानें उतरून घेतलें.

कागदी नकलेंत पाठ निराळा निघाला. तींत सर्व प्रसंग प्रथम खोलीच्या आंतून दिसतो : स्त्रीची सुटका, मग मुलाची सुटका, आग विझविणें. तें संपल्यावर तीच सुटका पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हां एकदां घराच्या बाहेरून दिसते. म्हणजे काळ मागें नेऊन एकच घटना दोनदां सांगितलेली आहे. आजच्या प्रेक्षकास हें वेडगळ वाटेल. पूर्वींच्या कांहीं अभ्यासकांसही तें तसेंच वाटलें, आणि कागदी नक्कल ही अजून न जुळविलेली कच्ची मांडणी असावी असा तर्क कांहींनीं केला.

ह्या तर्काचा निकाल पाठनिर्णयाच्या सामान्य नियमांनींच लागला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमुळें आपल्याकडे परिचित झालेला एक नियम असा कीं, दोन पाठांपैकीं जो अवघड, जो नंतरच्या लेखकास खटकेल, तोच बहुधा मूळचा; कारण अवघडाचें सोपें करण्याची प्रवृत्ति सर्वांस असते, सोप्याचें अवघड कोणी मुद्दाम करीत नाहीं. गुंफलेला पाठ हा नंतरच्या काळाच्या रूढीस अनुकूल आहे. दुहेरी पाठ तसा नाहीं. दुसरें असें कीं, कागदी नक्कल चित्रपट निघाला त्याच वेळीं सरकारांत दाखल झाली व तेथून हालली नाहीं. फितीची प्रत कोणाकोणाच्या हातून फिरली ह्याची तशी हमी नाहीं. तिसरा पुरावा समकालीन वाङ्मयाचा, म्हणजे त्याच काळच्या इतर चित्रपटांचा. फ्रान्समधील मेल्येस ह्यांच्या १९०२ च्या चंद्रप्रवासाच्या चित्रपटांत गोळा चंद्राच्या डोळ्यांत रुततो, आणि पुढच्या दृश्यांत तोच चंद्राच्या भूमीवर पुन्हां उतरतांना दिसतो. एकच घटना दोनदां दाखविणें ही त्या काळची रीत होती. १९७८ सालीं इंग्लंडांत ब्रायटन येथें भरलेल्या चित्रपटसंग्राहकांच्या परिषदेच्या सुमारास चार्ल्स मसर व आंद्रे गोद्रो ह्या अभ्यासकांनीं हा विषय बारकाईनें तपासला, आणि कागदी पाठच मूळचा हें मान्य झालें. गुंफलेली प्रत ही मागाहून कोणी तरी ‘सुधारलेली’ होय. पोर्टर ह्यांची थोरवी ह्यामुळें कमी होते असें आम्हांस वाटत नाहीं; पण त्यांच्या नांवावर जें खातें चढविलें होतें तें खोडावें लागलें.

त्यांच्याच ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ ह्या १९०३ च्या चित्रपटांत तर फिरता श्लोक म्हणतां येईल असें एक दृश्य आहे. दरोडेखोर प्रेक्षकांवर रोखून पिस्तूल झाडतो. हें दृश्य आरंभीं लावावें किंवा शेवटीं, तें दाखविणाराच्या मर्जीवर आहे, असें कंपनीच्या सूचींतच म्हटलेलें होतें. अशा ठिकाणीं एकच शुद्ध पाठ शोधणें व्यर्थ होय.

‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’ हा चित्रपट २०१६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहींत दाखल झाला. ही नोंदवहीसुद्धां पाठशुद्धीच्या भांडणांतूनच जन्मली. १९८६ सालीं टेड टर्नर ह्यांनीं एमजीएम कंपनीचा जुना चित्रपटसंग्रह विकत घेऊन कृष्णधवल चित्रपटांस यंत्रानें रंग देण्याचा सपाटा लाविला. दिग्दर्शकांनीं विधिमंडळापुढें गाऱ्हाणें नेलें, आणि १९८८ सालीं चित्रपटरक्षणाचा कायदा झाला. त्याअन्वयें सांस्कृतिक, ऐतिहासिक किंवा कलेच्या दृष्टीनें महत्त्वाचे, निदान दहा वर्षांचे जुने, असे जास्तींत जास्त २५ चित्रपट दरसाल निवडले जातात. निवड मंडळाच्या सल्ल्यानें ग्रंथालयाचे प्रमुख करतात. १९८९ च्या पहिल्या यादींत ‘सिटिझन केन’, ‘कासाब्लांका’, ‘द जनरल’, ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ इत्यादि होते. २०२४ च्या यादीअखेर संख्या ९०० झाली. केवळ नाट्यकथाच निवडतात असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत युटामधील टोपाझ छावणींत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकन लोकांपैकीं एकानें गुप्तपणें घेतलेली खाजगी चित्रें १९९६ सालीं नोंदलीं गेलीं. बखरीशेजारीं रोजनिशीस स्थान मिळालें हें योग्यच झालें.

मूळ कायद्यांत एक कलम होतें तें आमच्या मतें सर्वांत मोलाचें. नोंदलेल्या चित्रपटास रंग दिला किंवा त्यांत महत्त्वाचा फेरफार केला तर तशी सूचना प्रतीवर लावलीच पाहिजे, असें तें कलम होतें. प्रक्षेप करणारानें प्रक्षेप केल्याचें स्वतःच लिहून ठेवावें, अशी सक्ति कोणत्याही ग्रंथाच्या नशिबीं आली नव्हती. १९९२ च्या कायद्यांत तें कलम गळालें. रक्षणाच्या कामावर भर राहिला तो चांगलाच. पण हें कलम जाऊं द्यावयास नको होतें. नोंद झाली म्हणजे चित्रपट वांचला, हा समजही चुकीचा आहे. मूळ पाठाची उत्तम प्रत मालकाकडून देणगीदाखल मिळविण्याचा ग्रंथालय प्रयत्न करतें. मालकाच्या हक्कास नोंदीमुळें बाध येत नाहीं.

रक्षणाची निकड किती हें ग्रंथालयानें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या डेव्हिड पिअर्स ह्यांच्या पाहणीवरून कळतें. १९१२ ते १९२९ ह्या काळांत अमेरिकेंत १०,९१९ मोठे मूकपट निघाले. त्यांपैकीं मूळ रूपांत पूर्ण असे १,५७५, म्हणजे शेंकडा १४, उरले आहेत. शेंकडा सत्तर समूळ गेले. फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. ती पेटली म्हणजे पाण्याखालींही जळत राहते, आणि न पेटली तरी कालांतरानें चिकट होऊन शेवटीं तिची तपकिरी भुकटी होते. १९३७ सालीं न्यूजर्सींतील लिटल फेरी येथील आगींत फॉक्स कंपनीच्या बहुतेक मूकपटांची राख झाली. ग्रंथालयाच्या नायट्रेट फिती आतां व्हर्जिनियांतील कल्पेपर येथें १२४ थंड कोठड्यांत ठेविल्या आहेत. ती जागा पूर्वीं युद्धप्रसंगासाठीं सरकारी चलन सांठविण्याचें तळघर होती. तिच्या पुनर्रचनेस मोठें द्रव्य देणारे डेव्हिड वुडली पॅकर्ड हे क्रीट बेटावरील न वाचलेल्या मिनोअन लिपीचे अभ्यासक, हें आमच्या वाचकांस विशेष वाटेल.

आपल्याकडील स्थिति वेगळी नाहीं. दादासाहेब फाळके ह्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ अपुराच उपलब्ध आहे, आणि पुण्यांत २००३ च्या जानेवारींत लागलेल्या आगींत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा मोठा भाग गेला. तेव्हां जुन्या वाड्यांतील सामानांत ३५ मिलिमीटरच्या फितींचे डबे ज्यांस सांपडतील त्यांनीं त्या १९५१ पूर्वींच्या असल्यास नायट्रेटच्या समजाव्या. कित्येकांच्या कडेस इंग्रजींत ‘नायट्रेट’ अशीं अक्षरेंही आढळतात. त्या यंत्रावर चढवूं नयेत, चिकटलेल्या उलगडूं नयेत, हवाबंद डब्यांत कोंडूं नयेत, आणि दिव्यापासून व इतर कागदपत्रांपासून दूर, थंड जागीं ठेवाव्या. डब्यावरील चिठ्ठी, आंतील कागदाचा तुकडा, कोणत्या पेटींत कशाबरोबर डबा होता, हें सर्व डबा हलविण्यापूर्वीं लिहून घ्यावें, आणि मग संग्रहालयास कळवावें.