छोटं पोलाद – भाग ६ : आधी गोळा ठरवा, मग भोक पाडा

गेल्या आठवड्यात १/३५ प्रमाणातल्या आपल्या एम-४८ पॅटनची जोडणी संपली. आता त्याला मार खायला लावायचा आहे. इथे बहुतेक जण हातड्रिल उचलतात, सुचेल तिथे चार-पाच भोकं पाडतात, सगळीकडे तपकिरी रंग फासतात आणि रणांगणावरचा रणगाडा तयार झाला असं समजतात. असं मॉडेल लांबून भीषण दिसतं, पण जवळ गेलं की खोटेपणा कळतो. भोकं आहेत, ती पाडणारा कुठेच नाही.

म्हणून आधी प्रसंग ठरवायचा. आपला पॅटन असल उत्तरचा आहे. पंजाबातल्या खेमकरणजवळ ८ ते १० सप्टेंबर १९६५ या तीन दिवसांत पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन उसाच्या शेतांत शिरले आणि कालव्याचं पाणी सोडून भिजवलेल्या जमिनीत अडकत गेले. भारतीय मोजणीनुसार ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. त्यांच्यावर मारा करणाऱ्यांत तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते, डेक्कन हॉर्सचे शर्मन होते आणि जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफाही होत्या. चौथ्या ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद अशाच जीपवरून पॅटन टिपत होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. तुमच्या पॅटनला यांतल्या कोणी मारलं? उत्तर मिळालं की भोकाचा आकार, जागा आणि कडा आपोआप ठरतात.

सेंच्युरियनच्या २० पौंडी तोफेचा व्यास ८४ मिमी. पस्तीसने भागलं तर २.४ मिमी. सॅबो गोळ्याचा चिलखत भेदणारा गाभा त्याहून बराच बारीक असतो, म्हणजे २.४ ही वरची मर्यादा झाली. रिकॉइललेस तोफ नावाला १०६ मिमीची, नळीचा खरा व्यास १०५. तिचा पोकळ दारूचा गोळा चिलखतावर फुटतो आणि धातूच्या अतिवेगवान धारेने पोलाद भेदतो. ते भोक जेमतेम दोन-चार सेंटिमीटरचं. मॉडेलवर एक मिलिमीटर, फार तर किंचित जास्त! रणगाडा कायमचा निकामी करणारी जखम टाचणीच्या डोक्याएवढी असते, हे पचायला जड जातं. म्हणून स्पर्धांतून पेन्सिल आत जाईल एवढी भोकं दिसतात. अशा भोकाभोवती तळहाताएवढा, म्हणजे मॉडेलवर अडीच-तीन मिलिमीटरचा, उथळ ओरखड्यांचा डाग द्या. त्याने ते खरं वाटतं.

ठोस गोळ्याच्या भोकाला मात्र ओठ असतो. पोलाद बाहेरच्या बाजूला थोडं उलटून येतं. भोक पाडून झाल्यावर एम-सीलची केसाएवढी वळी कडेने बसवा आणि ओल्या सुईने दाबत एका बाजूला जास्त उचला. गोळा तिरका आला असेल तर भोक लंबगोल हवं. नुसता घासून गेला असेल तर गोल कानशीने चमच्यासारखी खोबण काढा आणि तिची दिशा रणगाड्याच्या पुढून मागे ठेवा.

आता जाडी. पॅटनच्या पुढच्या उतरत्या चिलखताची जाडी ११० मिमी, म्हणजे मॉडेलवर तीन मिलिमीटरहून थोडी जास्त. किटचं प्लॅस्टिक असतं जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर. भोकातून डोकावलं की चिलखताऐवजी पत्रा दिसतो. आतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवून जाडी वाढवा आणि मगच ड्रिल चालवा. चिखलरोधक पत्रे आणि सामानाच्या पेट्या यांचं गणित नेमकं उलटं आहे. खऱ्या रणगाड्यावर तो साधा पत्रा, किटमध्ये तो चिलखताएवढा जाड. फाटलेला, वाकलेला पत्रा दाखवायचा असेल तर तेवढा भाग कापून टाका. हॉटेलच्या पार्सलचा ॲल्युमिनियमचा डबा कापून त्याचा नवा पत्रा बसवा. तो बोटाने हवा तसा चुरगळतो.

जळालेला पॅटन करायचा असेल तर खरं काम चाकांपाशी आहे. त्या काळच्या पॅटनचं इंजिन पेट्रोलवर चालायचं. (म्हणूनच पहिल्या भागात डिझेलवाला एम-४८ए३ घेऊ नका म्हटलं होतं.) आग लागली की चाकांवरचं रबर जळून जातं आणि तापलेल्या टॉर्शन बारची ताकद संपून रणगाडा खाली बसतो. म्हणून जळालेल्या बाजूच्या चाकांची कड मिलिमीटरभर घासा, चाकांचे दांडे कापून थोडे वर चिकटवा आणि त्या बाजूचं पोट जमिनीकडे झुकू द्या. कितीही भोकं पाडलीत तरी रणगाडा ताठ उभा राहिला तर तो मेलेला वाटत नाही.

गंज सगळीकडे नको. रंग शाबूत असलेलं पोलाद तीन दिवसांत गंजत नाही. गंज येतो तो रंग जळालेल्या जागी, आणि तोही ताजा, नारिंगीकडे झुकणारा. सगळ्यात जास्त तापलेला भाग राखाडी-पांढरा होतो. आधी हे रंग द्या, वर हेअरस्प्रेचा थर, त्यावर पाण्यात मिसळणारा लष्करी हिरवा ॲक्रेलिक. तो वाळला की ओल्या ब्रशने जळालेल्या जागीच खरवडा. काजळी झाकणांच्या आणि इंजिनाच्या जाळ्यांच्या वरच्या बाजूला चढते. सॉफ्ट पेस्टलची पूड कोरड्या ब्रशने वरच्या दिशेने ओढा.

संग्रहालयांवर मात्र रंगासाठी विसंबू नका. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा, पॅटनच्या ओतीव पोलादाचा खडबडीतपणा डोळ्यांत साठवा, पण तिथल्या रणगाड्यांना वरचेवर नवा रंग लागतो.

माझी पसंती विचाराल तर वेगळीच आहे. असल उत्तरला कितीतरी पॅटन जवळपास धडधाकट अवस्थेत सोडून दिलेले सापडले. झाकणं उघडी, पट्टा चिखलात रुतलेला, अंगावर एखादाच ओरखडा. असा पॅटन करायला ड्रिल लागत नाही, पण चिखल नीट जमावा लागतो. पंजाबातली गाळाची माती फिकट, राखाडी-तपकिरी असते. आपल्या सवयीची काळी कापूसमाती किंवा कोकणातली तांबडी तिथे चालणार नाही.

पुढच्या आठवड्यात ऊस लावायचा आहे. अडीच मीटर उंचीचा ऊस आपल्या प्रमाणात सात सेंटिमीटरचा होतो, जाडी मिलिमीटरच्या आतबाहेर. खराट्याच्या काड्यांची टोकाकडची बारीक बाजू कापून ठेवा. शे-दोनशे तरी लागतील.