ताल आधी अंगाला कळतो

तान्ह्या बाळाला संगीताची ओळख कशी करून द्यावी, असं तरुण आईबाप आम्हाला हल्ली फार विचारतात. कोणतं अ‍ॅप घ्यावं, कोणती गाणी लावावीत? आणि पाठोपाठ एक वाक्य येतंच : ‘आम्हाला गाता येत नाही हो.’ आज आपण या वाक्याचाच विचार करू.

प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथात एक साधं निरीक्षण नोंदवलं आहे. मूल झोपत नसेल तर आया त्याला स्थिर ठेवत नाहीत, हलवतात. आणि गप्प राहत नाहीत, काहीतरी गुणगुणतात. अ‍ॅरिस्टॉटल तर आर्किटसच्या खुळखुळ्याचं कौतुक करतो. का, तर तो हातात असला की मुलं घरातल्या वस्तू फोडत नाहीत! (तत्त्वज्ञांनाही घर होतं, ते असं कळतं.) हालचाल आणि सूर प्लेटोने एकत्र पाहिले, एवढं ध्यानात ठेवू.

मग बाळाला मोझार्ट ऐकवण्याचं खूळ कुठून आलं? १९९३ साली ‘नेचर’मध्ये एक छोटा शोधनिबंध आला. मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकल्यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आकृत्यांची कोडी जरा बरी सुटली, आणि तो परिणाम पंधराएक मिनिटांत ओसरलाही. त्यात बाळं नव्हतीच. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर प्रत्येक नवजात बाळाला ध्वनिमुद्रिका द्यायला निघाले.

त्यापेक्षा २००५ साली ‘सायन्स’मध्ये आलेला कॅनडातला प्रयोग पाहण्यासारखा आहे. सात महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं एक ठेका ऐकवला, कुठल्याच ठोक्यावर जोर नसलेला. ऐकताना काहींना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर दिलेले दोन्ही प्रकार ऐकवले, तर ज्याला जसं झुलवलं होतं तोच प्रकार ते जास्त वेळ ऐकत राहिलं. आपल्या भाषेत, एकाच ठेक्यात एकाला केरवा सापडला, दुसऱ्याला दादरा. डोळे बांधले तरी तेच. मात्र ज्यांनी दुसऱ्याला झुलताना नुसतं पाहिलं, त्या बाळांत हा फरक दिसला नाही. कानावर पडलं सगळ्यांच्या एकच. काय ऐकलं, ते अंगाने ठरवलं. ज्ञानमीमांसेच्या विद्यार्थ्यांनी यावर एक तास खुशाल घालवावा.

पाळण्याशेजारच्या फोनमधून सूर येईल, मांडी कुठून येणार? थोपटणं, पाळण्याची दोरी, बडबडगीत म्हणत हातपाय हलवणं, तालाची शिकवणी ती हीच. आणि तुमच्या बेसूरपणाचं म्हणाल, तर आईचा आवाज बाळ पोटात असल्यापासून ऐकतं. त्याला तो ओळखीचा लागतो, तयारीचा नव्हे.

दीड-दोन वर्षांचं मूल तेच गाणं वीस वेळा मागतं. कंटाळू नका, म्हणा. डबा बडवत असेल तर बडवू द्या. मग ओळीतला शेवटचा शब्द सोडून थांबा. आधी ते नुसतं तोंडाकडे बघेल. एखाद्या दिवशी तो शब्द त्याच्याकडून येईल, बहुधा अर्धाच.