ट्रॅक्टर आणि अवजारे (लेखांक ७) : मिनी ट्रॅक्टरला किती फुटी ब्लेड?

तलावातून आणलेल्या गाळाचे ढीग रानात पसरणे, पावसाने उखडलेली पाणंद मुरूम ओढून सारखी करणे किंवा ओघळून आलेली माती पुन्हा बांधाला लावणे, अशा कामांसाठी ट्रॅक्टरच्या मागे तीन बिंदूंच्या जोडणीवर, म्हणजे खालचे दोन हात आणि वरची टॉप लिंक यांच्या आधाराने, जे आडवे, वाकदार पोलादी पाते बसवतात, त्याला बाजारात टेरेसर किंवा नुसते ब्लेड म्हणतात. ते घेताना बहुधा ट्रॅक्टरची अश्वशक्ती तेवढी विचारली जाते. वास्तविक लांबी ठरवताना ट्रॅक्टरची रुंदी आणि वजन यांना अधिक महत्त्व आहे.

रुंदी म्हणजे मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर. चार फूट रुंद ट्रॅक्टरमागे पाच फुटी ब्लेड सरळ लावल्यास दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जादा राहतात. परंतु माती एका कडेला सारण्यासाठी तेच ३० अंशांत तिरके केले की त्याचा प्रत्यक्ष पल्ला सुमारे ५२ इंच उरतो आणि ४५ अंशांत तो साडेतीन फुटांवर येतो. मग चाकाचा माग पात्याबाहेर पडतो, पुढच्या फेरीत चाक कडेला साचलेल्या मातीच्या वरंब्यावर चढते, ट्रॅक्टर कलतो आणि मागचे पातेही त्याच कलाने जमीन कापते, त्यामुळे सपाटीकरणाऐवजी नवा उतार तयार होतो. म्हणून लांबी नेहमी तिरक्या स्थितीतील पल्ल्यावरून ठरवावी.

याचा अर्थ जितके लांब तितके चांगले, असा मात्र नाही. सव्वा फूट उंचीच्या पाच फुटी पात्यापुढे भरगच्च साचलेली माती साधारण चार घनफूट, म्हणजे सव्वाशे ते दीडशे किलो भरते. सात फुटी पात्यापुढे ती २०० किलोंच्या आसपास जाते आणि जमीन कापण्याचा विरोध त्याशिवाय वेगळाच. ओढ शेवटी टायर आणि जमीन यांच्यातील पकडीवर अवलंबून असल्याने हलका ट्रॅक्टर अशा वेळी इंजिनात दम असूनही जागच्या जागी चाके फिरवतो. शिवाय १२० किलोंच्या पाच फुटी ब्लेडच्या धारेवर दर फुटाला २४ किलो भार येतो, तर तेवढ्याच वजनाच्या सहा फुटी ब्लेडवर २०. घट्ट मुरमावर हा फरक लगेच जाणवतो, कारण हलके पाते रुतण्याऐवजी वरून घसरत जाते. नाशिककडील द्राक्षबागांत तर जादा लांबी उपद्रवीच ठरते, कारण वळताना पात्याचे टोक खोडाला किंवा ठिबकच्या नळीला लागते.

चार फूट रुंदीच्या मिनी ट्रॅक्टरला, ब्लेड ३० अंशांपर्यंतच तिरके करायचे असल्यास, पाच फुटी पुरते. याहून अधिक तिरके चालवायचे असेल तरच सहा फुटीचा विचार करावा, आणि दुकानात जाण्यापूर्वी टायरांच्या बाहेरच्या कडा टेपने मोजून घ्याव्यात.