अक्षता की टेपवरची खोट?

वाशी-नेरूळच्या सिडकोच्या घरांत माळा आवरायला काढला की हमखास लग्नाची कॅसेट हाती लागते. वाशीपर्यंत लोकल आली १९९२ साली. त्याच्या आगेमागे इथं राहायला आलेल्यांची लग्नं, मुंजी, बारशी सगळी व्हीएचएसवर आहेत. जपानच्या फुनाई कंपनीनंही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यामुळे टेप डिजिटल करून घ्यायची तर चालू यंत्रं आहेत तोवरच.

खाडीकाठची दमट हवा टेपला मानवत नाही. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरट बुरशी दिसली, तर ‘बघू तरी’ म्हणून ती लावू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. आधी सफाई, मग बाकीचं.

टेप संगणकावर आली की हलत्या हाताच्या कडेला फणीसारखे दात दिसतात. हा बिघाड नव्हेच. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असत, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई. आधी एकाआड एक ओळी, मग १/५० सेकंदानं उरलेल्या. तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. संगणक दोन्ही हप्ते एकावर एक ठेवतो आणि दात उमटतात. क्यूटीजीएमसीसारखं मोफत साधन प्रत्येक हप्त्यातून पूर्ण चित्र घडवतं आणि सेकंदाला ५० चित्रं देतं. हे काम व्हिडिओचा आकार वाढवण्याआधीच व्हायला हवं, नाहीतर दात चित्रात कायमचे मुरतात.

तळाशी थरथरणारी पट्टीही अशीच निरुपद्रवी. व्हीसीआरचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्यावर समोरासमोर दोन हेड असतात. एक टेपवरून उतरतं, दुसरं चढतं, तो सांधा चित्राच्या तळाशी येतो. जुन्या टीव्हीच्या चौकटीत तो झाकला जायचा.

खरी खोट म्हणजे टेपवरचा चुंबकीय थर उडणं. तिथं सिग्नल तुटतो आणि क्षणभर पांढरी रेघ चमकते. ती ओळखायची रीत साधी आहे. मागच्या-पुढच्या चित्रांत नाही आणि मधल्याच चित्रात आहे, तर तो डाग. सॉफ्टवेअर तो पुसून शेजारच्या चित्रांतला तुकडा तिथं बसवतं. पण ‘शुभमंगल सावधान’ झालं आणि मांडवभर अक्षता उडाल्या की हीच रीत फसते. बारीक, पांढरे, वेगवान ठिपके, दर चित्रात नव्या जागी! फिल्टर कडक लावला तर पाहुण्यांचे हात उठतात आणि अक्षता मात्र गायब. फोटोग्राफरच्या फ्लॅशचीही तीच गत. तेवढ्या सेकंदांपुरता फिल्टर बंद ठेवून चार रेघा खपवून घेणारा कारागीर मला जास्त भरवशाचा वाटतो.

‘एआयनं फोरके करून देतो’ या जाहिरातीबद्दलही तेच. व्हीएचएसवर आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. त्यात नसलेल्या पापण्या आणि दात एआय अंदाजानं रंगवतं. चित्र लखलखीत दिसतं, पण मागच्या रांगेतली आजी भलतीच कुणीतरी होऊन बसते.

म्हणून दुकानदाराला सुधारलेल्या फाइलबरोबर टेपवरून उतरवलेली, हात न लावलेली मूळ फाइलही मागा. आणि कॅसेट भंगारात देऊ नका. पूर्ण गुंडाळून, कोरड्या कपाटात, उभी ठेवा.